चिमाआत्याचा थांब

कुत्र्याला लस टोचली की डॉक्टर एक कार्ड भरून देतात. त्यावर पहिलाच रकाना असतो, ‘नाव’. परवा आमच्या शेजारणीनं पिल्लू आणलं. त्याला घरात येऊन चार तास झाले नव्हते तोवर त्याचं नाव, लाडाचं नाव आणि रागावल्यावरचं नाव, अशी तीन नावं ठेवून ती मोकळी झाली. लशीचं कार्डही कौतुकानं दाखवलं. मी बरं म्हटलं, चहा घेतला आणि घरी आले. पण दिवसभर चिमाआत्या काही डोक्यातून गेली नाही. तो एवढासा रकाना भरताना तिला काय त्रास झाला होता ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एकोणीसशे साठच्या आगेमागे आमच्या ह्यांची बदली श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावरच्या एका गावात झाली. गावाचं नाव सांगत नाही, कारण चिमाआत्याचे पुतणे तिथे अजून आहेत आणि ते वाचतात कमी पण भांडतात पुष्कळ. हे गुरांचे डॉक्टर. दवाखाना म्हणजे दोन कौलारू खोल्या, मागच्या बाजूला आमचं बिऱ्हाड आणि पुढच्या अंगणात बैलाला जखडून उभं करायचा लाकडी खोडा. चहूकडे सुपारीच्या वाड्या, आणि वाडीच्या टोकाला समुद्र. आम्ही घाटावरची माणसं. पहिला महिनाभर मला त्या दमट हवेत मीठसुद्धा धड ठेवता येत नव्हतं.

ह्यांच्या डोक्यात तेव्हा कॉलेजातली पुस्तकं ताजी होती. देशात नवीनच सगळं सुरू होत होतं, आणि गुरांना देवऋषी आणि डागण्या सोडून औषधं मिळाली पाहिजेत असं ह्यांना फार वाटे. कपाटात बाटल्या ओळीनं लावायचे, लेबलं बाहेरच्या बाजूला. एक दिवस सकाळी ह्या ओळीतली एक बाटली खाली आली ती चिमाआत्याच्या आवाजानं.

चिमा म्हणजे चिमुकली. ही बाई आमच्या दारातून येताना वाकून यायची. पन्नाशीची, हाडापेरानं दणकट, काष्टा घट्ट मारलेला, दातांना मिश्री. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती आणि सुपारीची वाडी ती एकटी सांभाळायची. त्या दिवशी तिच्या खांद्यावर एक पिवळा कुत्रा होता, आपण उपरणं टाकतो तसा टाकलेला, आणि त्याच्या पायातून रक्त गळत होतं. आमच्या कंपाउंडरनं तिला पायरीवरच अडवलं आणि बोर्ड दाखवला. हा गुरांचा दवाखाना आहे, इथे कुत्री घेत नाहीत. चिमाआत्याला वाचता येत नव्हतं, पण तिनं बोर्डाकडे नीट पाहिलं.

“ह्यो गुरात न्हाय, माणसात न्हाय,” ती म्हणाली, “मंग सरकारनं कशात धरलाय ह्याला?”

ह्याचं उत्तर खुद्द सरकारकडेही नव्हतं. ह्यांनी पुढे वर कळवून पाहिलं तेव्हा दोन महिन्यांनी जे पत्र आलं, त्यात कुत्र्यांचा उल्लेखच नव्हता, गावातल्या म्हशींची संख्या मात्र विचारली होती. पण त्या दिवशी हे आतून बाहेर आले, कुत्र्याला टेबलावर घेतलं आणि पाय शिवला. चिमाआत्या त्याचं तोंड आपल्या काखेत धरून उभी होती. टाके झाल्यावर ह्यांनी सहज विचारलं, नाव काय ह्याचं? ती म्हणाली, वाघ्या. आणि मागून आलेला तो छोटा? त्याचं नाव पावणा. तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायला आली तेव्हा आणखी दोन पिल्लं मागं होती. त्यांचंही नाव पावणा.

हे तिचं पक्कं होतं. पिल्लानं एक वर्ष काढल्याशिवाय त्याला नाव नाही. तोवर ते पावणा, म्हणजे पाहुणा. ह्याला कारण होतं. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्लांची साथ यायची. आधी डोळ्यांना चिपडं, मग नाक गळायचं, मग ताप, आणि शेवटी झटके. पाचातली चार पिल्लं जायची. तिनं मला एकदा समजावून सांगितलं, बाय, नाव ठिवलं म्हंजे आपलं झालं, पावणा काय, येतो नि जातो. तिचा आपला समज होता की नाव नसलं की रडू कमी येतं. ह्यात काडीचंही तथ्य नव्हतं. प्रत्येक पाहुण्यासाठी ती सारखीच रडायची, फक्त वाडीच्या मागच्या अंगाला, विहिरीपाशी जाऊन. मला कुणाचं नाव न घेता त्याला आपलं मानणं नवीन नव्हतं. त्या काळातल्या बायकांप्रमाणे मीही ह्यांचं नाव आयुष्यात उखाण्याबाहेर घेतलेलं नाही.

वाडीत तिची सहा-सात कुत्री कायम असत. ती हौस नव्हती. वानरांची टोळी वाडीत शिरली की शहाळी, केळी, काही ठेवायची नाही, आणि माणसानं दगड मारले तर वानरं ते झेलून परत मारायची तेवढी बाकी. कुत्री असली की लांबूनच जात. त्यामुळे चिमाआत्या कुत्र्यांना कामकऱ्याच्या मानानं वागवी. सकाळी नाचणीची भाकरी कुस्करून त्यावर सुकटीचं गरम पाणी. दुपारी पडवीत बसून एकेकाच्या कानातल्या गोचिडी काढून रॉकेलच्या वाटीत टाकायच्या. खरूज झाली तर करंजेल, म्हणजे करंजाचं तेल, आणि गंधक. तिच्या हाताला करंजेलाचा तो कडू वास इतका बसला होता की आमच्या घरी ती येऊन गेली हे मला भांड्यावरून कळे.

ह्यांच्या आणि तिच्या खटक्यांवर मी एक वेगळा लेख लिहू शकेन. ह्यांनी पहिल्यांदा वाघ्याचा ताप पाहिला तेव्हा थर्मामीटर जिथे लावायचा तिथे लावला. चिमाआत्यानं तोंडाला पदर लावला आणि मला आत येऊन विचारलं, डाक्तर शिकलेले हायेत ना नक्की? ताप बघायला त्याला कपाळ हाय की. मग एकदा ह्यांनी कुत्र्यांना रोज मांस, अंडं आणि दूध द्यायला सांगितलं. पुस्तकात तसं होतं. ती शांतपणे म्हणाली, असं करा, त्यांस्नी तुमच्याकडं ठेवा नि मला बी ठेवा. गोचिडींवर ह्यांनी दिलेली पांढरी भुकटी कुत्र्यांनी चाटली आणि सगळी वाडी ओकाऱ्यांनी भरली, तेव्हा मात्र ती तडक दवाखान्यात आली. भुकटीचा डबा ह्यांच्या टेबलावर ठेवला आणि गेली. त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी कपाट झाडायला गेले तर औषधांच्या ओळीत एक करंजेलाची बाटली होती, लेबल बाहेरच्या बाजूला.

पण साथीवर करंजेल चालत नव्हतं. ते तिलाही माहीत होतं. दुसऱ्या वर्षी ह्यांना कळलं की मुंबईत ह्या रोगाची लस मिळायला लागली आहे. ह्यांचा एक वर्गमित्र तिथे होता, त्याला पत्र गेलं. अडचण एकच होती. लस बर्फात ठेवावी लागे, आणि आमच्या गावात बर्फ फक्त मासळीच्या होड्यांवर असायचा. रॉकेलवर चालणाऱ्या थंड कपाटाची मागणी ह्यांनी वर केली होती, त्यावर पुन्हा म्हशींची संख्याच विचारली गेली होती.

चिमाआत्याकडे तेव्हा एकच पिल्लू होतं, पिवळ्या वाघ्याचंच, एका कानाला काळा ठिपका. ह्यांनी तिला बसवून सांगितलं की एक सुई, मग साथ ह्याला काही करणार नाही. ती ऐकत राहिली. “पावणा ऱ्हाईल?” तिनं विचारलं. हे म्हणाले, राहील. हे शब्द जपून वापरणारे गृहस्थ होते, पण त्या दिवशी नुसतं ‘राहील’ म्हणाले.

लस माघात आली. वर्गमित्रानं पत्र्याच्या डब्यात बर्फ आणि लाकडाचा भुसा घालून एस.टी.च्या कंडक्टरजवळ दिली होती. गाडी म्हसळ्याच्या अलीकडे बंद पडली आणि भर उन्हात पाच तास उभी राहिली. डबा आमच्याकडे पोचला तेव्हा मी स्वतः उघडला. बर्फ नव्हता, कोमट पाणी होतं, आणि त्यात भुसा आणि ती इवलीशी बाटली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बाटली हातात धरून बराच वेळ उभे होते. अंगणात चिमाआत्या पिल्लाला पदरात घेऊन सकाळपासून बसली होती. ह्यांनी सुई भरली.

टोचून झाल्यावर ह्यांनी स्वतः आखलेलं एक कार्ड काढलं. नाव? ती म्हणाली, पावणा. हे म्हणाले, ते नाव नव्हे, आता हा पाहुणा राहिला नाही, नाव सांग. मला वाटलं, चिमाआत्या उठून जाते की काय. तिनं पिल्लाचा कान दोन बोटांत धरला, सोडला, पुन्हा धरला. तोंडातली मिश्री थुंकून आली. मग म्हणाली, थांब. ह्यांना वाटलं, आणखी विचार करायचाय. हे पेन धरून थांबले. शेवटी तीच चिडली.

“लिवा की. थांब. त्याचं नावच थांब.”

असं त्या कुत्र्याचं नाव थांब पडलं आणि गावाची करमणूक झाली. चिमाआत्याचा आवाज वाडीतून निघाला की समुद्रापर्यंत जायचा. तिनं ‘थांब’ म्हणून हाळी घातली की रस्त्यानं जाणारा बैलगाडीवाला गाडी उभी करायचा आणि विचारायचा, काय गं आत्या? ती म्हणायची, तुला न्हाय रे, कुतऱ्याला. मासळीची टोपली घेऊन जाणाऱ्या कोळणी थांबायच्या, पोस्टमन सायकलवरून उतरायचा. आणि ‘थांब, ये हिकडं’ असं म्हटल्यावर आधी थांबावं की यावं हे त्या बिचाऱ्यालाही कळत नसे. तो अर्ध्या वाटेवर एक पाय वर धरून उभा राहायचा. चिमाआत्याला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. वर्षाच्या आत नाव ठेवलेला तिचा हा पहिला कुत्रा, आणि तिनं त्याला रीतसर डोक्यावर बसवलं. त्याच्यासाठी सुकटीतले मोठे जवळे वेगळे काढलेले मी पाहिलेत.

साथ फाल्गुनात आली. आधी खालच्या आळीतली पिल्लं गेली. हे रोज संध्याकाळी फिरण्याच्या निमित्तानं तिच्या वाडीवरून जात आणि घरी येऊन मला सांगत, डोळे स्वच्छ आहेत. एक दिवस आले आणि काही सांगितलं नाही.

‘थांब’ला झटके यायला लागले त्या दुपारी मी तिच्या पडवीत होते. हे खाली बसून त्याचं डोकं धरत होते. औषधं झाली होती, त्यांचा उपयोग नव्हता. चिमाआत्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत एकच शब्द म्हणत होती, थांब, थांब, थांब. ती त्याला हाक मारत होती की सांगत होती, ते मला कळलं नाही. तिलाही कळत नसावं. चारच्या सुमाराला तो गेला. ह्या वेळी ती विहिरीपाशी गेली नाही, आमच्या देखतच रडली.

तिसऱ्या दिवशी हे मला म्हणाले, चल. आम्ही तिच्या वाडीत गेलो. ती सुपाऱ्या सोलत होती. हे तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सरळ सांगितलं की लस आली तेव्हा बर्फ वितळला होता, लस वाया गेली असणार हे मला माहीत होतं, तरी मी टोचली. तू सकाळपासून बसली होतीस, तुला परत पाठवायला मन झालं नाही. मला वाटलं, थोडी तरी लागू पडेल.

तिचा सुपारी सोलणारा हात थांबला. मला वाटलं आता ही बाई ह्यांना उचलून समुद्रात टाकते, आणि टाकलं असतं तर मी अडवलं नसतं. मग ती बोलली.

“म्हंजे औषद आधीच मेलं होतं.”

हे म्हणाले, हो.

“मंग कुतऱ्यानं काय करावं,” ती म्हणाली आणि पुन्हा सुपारी सोलायला लागली. आम्ही उठून आलो.

नंतर नऊ महिने ती दवाखान्याची पायरी चढली नाही. रस्त्यात भेटली तर माझ्याशी बोलायची, ह्यांना पाहून पदर सारखा करायची. वाघ्याला पुन्हा काहीतरी लागलं तेव्हा तिनं हळद भरली. हे ते लांबून पाहून आले. कपाटातल्या बाटल्यांची ओळ वाकडी असायची आता, आणि ह्यांना ती दिसत नसे. गुरांचं काम हे नीटच करत. पण कुणी कुत्रा आणला तर म्हणत, बोर्ड वाचा.

मार्गशीर्षात एका सकाळी ती आली. पदरात पिल्लू. दारातून वाकून आत आली, ह्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “औषद जितं कसं आणायचं त्ये सांगा.”

आमच्याकडे एक थर्मास होता, माझ्या माहेरचा. ह्यांनी तिला समजावलं, वर्गमित्राला चिठ्ठी लिहिली. ह्यांना वाटलं होतं की कुणीतरी जाणारा-येणारा पाहू. चिमाआत्यानं थर्मास उचलला आणि पिशवीत घातला. म्हसळ्याच्या पलीकडे ती जन्मात गेली नव्हती. मी म्हटलं, आत्या, मुंबई आहे ती. ती म्हणाली, बाय, कंडक्टरच्या हातात मी पोरगं दिलं असतं का?

चौथ्या दिवशी ती परत आली. तो प्रवास तिनं मला नंतर सांगितला. येताना थर्मास पूर्ण वेळ मांडीवर होता. शेजारच्या माणसानं खाली ठेव म्हटलं तर त्याला उठवलं. पनवेलला सोडावॉटरच्या दुकानातून बर्फ घेतला. पेणला घेतला, माणगावला घेतला. प्रत्येक ठिकाणी ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं की मी आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि तिचा आकार पाहून कुणी हलवली नाही. म्हसळ्याला बर्फ मिळेना, तेव्हा एका कोळणीच्या टोपलीतला मासळीवरचा बर्फ पाण्यानं धुऊन भरला. आमच्या टेबलावर तिनं थर्मास उघडला तेव्हा सगळ्या खोलीत पापलेटाचा वास सुटला. ह्यांनी आत बोट घातलं. बर्फाचे खडे वाजत होते.

ह्यांनी सुई भरली आणि टोचली. मग कार्ड काढलं. नाव?

“पावणा,” ती म्हणाली.

ह्यांनी ते लिहिलं नाही. रकाना कोरा ठेवून कार्ड तिला दिलं. तिनं ते घडी घालून कमरेला खोचलं आणि पिल्लू घेऊन गेली. ह्यांना ते फार लागलं. मला म्हणाले, बरोबर आहे तिचं, साथ जाईपर्यंत थांबायला हवं. पण लागलं.

साथ यायच्या आधीच आमची बदली आली. पौषाच्या शेवटी निघायचं ठरलं. निरोप द्यायला सारं गाव आलं, ज्यांच्या बैलांना ह्यांनी कडू काढे पाजले होते तेसुद्धा. चिमाआत्या आली नाही. तिनं पुतण्याबरोबर सुपारी आणि आमसुलं पाठवली. माझा थर्मास परत पाठवला नाही. एस.टी.त बसल्यावर हे खिडकीतून वाडीच्या रस्त्याकडे सारखे पाहत होते आणि मी ते पाहिलं नाही असं दाखवत होते.

गाडी सुटली, वळणावर आली, आणि मागून तो आवाज आला.

“थांब!”

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. गाडीतल्या पिशव्या पुढे आल्या. सगळे माना वळवून आमच्याकडे पाहायला लागले. त्यांना वाटलं, डॉक्टरांना निरोप द्यायला आत्या धावत आली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून विचारलं, “काय आत्या, कोन ऱ्हायलंय?”

ती वाडीच्या बांधावर उभी होती, हातात कोयता, कामातून आलेली.

“तुला न्हाय रे,” ती म्हणाली. “कुतऱ्याला.”

मग मला ते पिल्लू दिसलं. ते गाडीच्या मागं धावत येऊन चाकापाशी पोचलं होतं. हाक ऐकून ते मागं वळलं, एक क्षण पाय वर धरून उभं राहिलं, आणि उड्या मारत तिच्याकडे गेलं. म्हणजे त्याला हाक कळत होती. नाव त्या दिवशी ठेवलेलं नव्हतं, ते आधीच ठेवलेलं होतं. फक्त आम्हांला सांगितलं नव्हतं. चिमाआत्यानं त्याला काखेत घेतलं, आमच्या खिडकीकडे पाहिलं आणि कोयत्यानंच खूण केली, जा आता. कंडक्टरनं दोनदा घंटी ओढली.

ह्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला तो बराच वेळ पुसत राहिले. म्हसळ्याला चहा घेताना एवढंच म्हणाले, “बर्फ चांगला होता ह्या वेळी.”